पहिल्या दहा मिनिटांचं पाणी

एकतीस वर्षं तो लोकांना पाणी सोडत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याचं खरं नाव विचारायची गरज कुणाला पडली नव्हती. छातीइतक्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटे रस्त्याला लागला की लोक घड्याळ न बघता उठायचे. मोठी माणसं त्याला चावीवाला म्हणत, पोरं चावीकाका म्हणत आणि बायको ‘अहो’ म्हणे. एवढ्या नावांवर त्याचं छान भागत होतं.

त्याच्याकडे तीन गल्ल्या होत्या, तिन्ही एकाच टाकीवरच्या. वरच्या गल्लीत जुने रहिवासी, म्हणजे कारकून, दुकानदार, पेन्शनीत निघालेली माणसं. मधली गल्ली विणकरांची. त्यांचे आजे-पणजे कुठून तरी माग घेऊन आले होते आणि घराघरांत अजून त्यांचीच भाषा चालायची. सगळ्यात खाली, उताराच्या टोकाला, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची वस्ती. त्यांची बोली तिसरीच, देव वेगळे, ओळखीपाळखी वेगळ्या. तिन्ही गल्ल्या एकमेकींना पाण्यात पाहत. “आणि ते पाणी सोडायचं काम माझं,” असं तो स्वतःच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. दोन्ही परक्या भाषांतले त्याला मोजून पाच-सहा शब्द येत. पाणी, आलं, गेलं, उद्या, फुटलं, थांबा. त्यावर त्याने आख्खी नोकरी निभावली होती.

मग भट्टीच्या गल्लीतली एक मुलगी गेली. सात वर्षांची होती. सोमवारी उलट्या-जुलाब सुरू झाले आणि बुधवारी दुपारी सगळं आटोपलं.

गुरुवारी तो चावी घेऊन त्या गल्लीत उतरला तेव्हा मुलीची आई उंबऱ्यात बसली होती. त्याला पाहून ती काहीतरी बोलली. त्यातला ‘पाणी’ एवढाच शब्द त्याला कळला. ती विचारते आहे, सांगते आहे की शिव्याशाप देते आहे, काही उमगेना. त्याने चावी खांद्यावरून खाली टेकवली. तेवढ्यात मागून मुलीचा भाऊ आला. वीस-एकवीस वर्षांचा, केसांत विटांची लाल धूळ. तो शाळेत शिकलेला असल्यामुळे सगळ्यांना समजेल अशा भाषेत बोलला.

“आई विचारतेय, पाण्याला वास येतो हे तुम्हाला माहीत होतं का?”

“नाही,” चावीवाला म्हणाला. ते खरं होतं. तो टाकीजवळ राहायचा, टाकीजवळचंच पाणी प्यायचा. “बघतो मी. उद्याच बघतो.”

भावाने ते आईला तिच्या भाषेत सांगितलं. ती पुन्हा काहीतरी बोलली, पण ते त्याने उलगडून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वरची चावी फिरवली आणि धावतपळत उतार उतरून गल्लीतल्या शेवटच्या नळाखाली काचेची बाटली धरली. आधी नळ नुसता फुसफुसला. मग गढूळ, राखाडी पाणी आलं. नाकाजवळ नेताच त्याने बाटली हातभर लांब धरली. दहा मिनिटांनी तेच पाणी नितळ झालं, जणू काही घडलंच नव्हतं.

त्याला कोडं सुटायला वेळ लागला नाही. भट्टीच्या गल्लीत वळताना पाण्याची नळी मोठ्या गटाराच्या खालून जाते. तिथे कुठेतरी ती फुटली असणार. पाणी चालू असताना नळीत दाब असतो, बाहेरचं आत येत नाही. पाणी बंद केलं की रिकामी नळी गटारातली घाण शोषून घेते, आणि दुसऱ्या दिवशी चावी फिरवली की ती घाण सगळ्यात आधी निघते. जी बाई पहाटे सगळ्यांत आधी हंडा लावते, तिच्या घरात ती जाते. त्या मुलीच्या आईचा हंडा नेहमी पहिला असायचा, भट्टीवर वेळेत पोचायचं असायचं म्हणून.

आणि चावी फिरवणारा हात त्याचा होता. हा विचार मनात आला. तो तिथेच नळाच्या कट्ट्यावर बसला.

पाणीखात्याच्या साहेबाने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग समोरचा कागद पुढे सरकवला.

“हा अहवाल. त्या गल्लीतला नमुना आहे. पाणी शुद्ध.”

“साहेब, नमुना किती वाजता घेतला?”

“दहाला. का?”

“तोवर साफ झालेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांचं घ्या.”

“पहाटे पाचला कोण जाणार तिकडे?” साहेब हसला. “हे बघ, तू चावी फिरव. डोकं फिरवू नकोस.”

त्याने लेखी अर्ज दिला. आठ दिवसांनी दुसरा दिला. तोवर भट्टीच्या गल्लीत अकरा जण आजारी होते आणि विणकरांच्या गल्लीच्या खालच्या टोकाला चार. पाणी सोडलं नाही तर लोक तहानेने हैराण, सोडलं तर हे असं. तो रोज पहाटे त्या वळणावरच्या चावीपाशी यायचा. ती फिरवून तो आधी शेवटच्या नळाशी जायचा, नळ मोकळा सोडून द्यायचा आणि बायांना “थांबा, थांबा” म्हणत दहा मिनिटं हंडे लावू द्यायचा नाही. बाया चिडायच्या. पाणी येतच मुळी पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं हा माणूस ओतून देतो! ‘थांबा’ का, ते समजावून सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते.

तिसरा अर्ज घेऊन गेला तेव्हा त्याला दोन तास बाहेर बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर एक पिवळट कागद चिकटवलेला होता. वेळ जात नव्हता म्हणून त्याने तो वाचला. प्रभाग सभेचे नियम होते. प्रभागाच्या यादीत नाव असलेल्या दोनशे रहिवाशांनी सही केली तर कोणताही विषय सभेपुढे घ्यावाच लागेल आणि खात्याला त्यावर तोंड उघडावंच लागेल. पुढची सभा पाच आठवड्यांवर होती.

तो अर्ज न देताच उठला.

नोकरीत असल्यामुळे त्याला स्वतःला सही करता येत नव्हती. तो घरोघर हिंडला. वरच्या गल्लीत म्हणाले, “आमच्याकडे तर छान येतं.” विणकर म्हणाले, “आमची नावं पुढे आली की आमच्याच मागे शुक्लकाष्ठ लागतं. आम्हाला यात ओढू नका.” भट्टीवाल्यांतल्या थोरांची नावं अजून मागे सुटलेल्या गावांच्या याद्यांत होती. दहा दिवसांत पासष्ट सह्या झाल्या. त्यातल्या पाच दुसऱ्या दिवशी परत आल्या, म्हणजे माणसं येऊन “आमचं नाव खोडा” म्हणाली.

उरली ती पोरं. अठरा ते पंचवीस वयाची, इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत एका बाकावर बसलेली. सगळ्यांना समजणारी भाषा बोलणारी तीच. तिन्ही गल्ल्यांत मिळून दीडशे-पावणेदोनशे तरी असतील, आणि त्यातल्या एकाचंही नाव यादीत नव्हतं. कुणी घालायला सांगितलं नव्हतं, कुणी घातलं नव्हतं.

सुरुवात त्याने घरापासून केली. त्याची लेक वीस वर्षांची, पार्सलच्या गोदामात खोकी बांधायला जायची. संध्याकाळी ती पाय बादलीत बुडवून बसली होती, तेव्हा त्याने यादीत नाव घालायचा फॉर्म तिच्यापुढे धरला.

“बाबा, यानं काय होतं?”

“सही करता येते. सभेत बोलता येतं.”

“आणि बोलून?”

त्याने फॉर्म तिच्या शेजारी ठेवला. लेक म्हणाली, “तुम्ही एकतीस वर्षं त्यांच्यासाठी पहाटे उठताय. तुम्ही दोन अर्ज दिलेत. तुमचं ऐकलं त्यांनी? मग माझं काय ऐकणार? मला इथलं सुधारायचं नाहीये बाबा. मला इथून जायचंय.”

“जा. पण जाईपर्यंत तरी—”

“जाईपर्यंत मला झोपू द्या.”

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि तुमची नोकरी गेली म्हणजे? दोन वर्षं राहिलीत. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेताय?” तो जेवला नाही. भूकच मेली होती.

रविवारी दुपारी त्याने पोरांना टाकीखाली बोलावलं. मैदानावर जाऊन, चहाच्या टपरीवर जाऊन, मागांच्या खडखडाटात ओरडून सांगितलं होतं. सात जणं आली. वरच्या गल्लीतले दोघे सावलीत बसले, विणकरांच्या तिघी खांबाजवळ, आणि भट्टीच्या गल्लीतला तो मेलेल्या मुलीचा भाऊ एका मित्राबरोबर उन्हातच उभा राहिला. पाच मिनिटांत जुंपली.

“तुमचे लोक नळावरच सगळं धुतात,” वरच्या गल्लीतला एक म्हणाला. “मग होणारच रोगराई.”

“तुमच्या गल्लीचं गटार आमच्या डोक्यावरून वाहतं, त्याचं काय?” भाऊ म्हणाला.

“मग इथे राहायला कुणी सांगितलं?”

भाऊ त्याच्या अंगावर धावून गेला. चावीवाला मधे पडला, आणि त्या झटापटीत एक ठोसा त्यालाच बसला. तो खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडायला लागला. चांगला अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, हमसून हमसून. पोरं एकमेकांपासून बाजूला झाली.

“ते पाणी मी सोडतो,” तो म्हणाला. “रोज मीच सोडतो. मला बंद करता येत नाही आणि सोडवतही नाही. तुमचं भांडण नंतर करा रे. उद्या पहाटे एकदा या माझ्याबरोबर. नुसतं बघा. मग नका येऊ पुन्हा.”

विणकरांच्या तिघींतली एक जाड भिंगांचा चष्मा लावायची. पोरं तिला चष्मेवालीच म्हणत. तिने विचारलं, “किती वाजता?”

दुसऱ्या दिवशी पाच जणं आली. प्रत्येकाने आपापल्या हाताने शेवटच्या नळाची बाटली भरली आणि नाकाशी धरली. वरच्या गल्लीतला तो पोरगा बाजूला जाऊन ओकला. परत येऊन तो भावाला काहीतरी पुटपुटला. ती माफी होती की काय, ते चावीवाल्याला ऐकू आलं नाही, पण भावाने मान हलवली.

तिथून पुढे पोरांनी काम हातात घेतलं. नळाजवळच्या भिंतीवर चष्मेवालीने तिन्ही भाषांत लिहिलं, पहिली दहा मिनिटं पाणी भरू नका, का ते असं असं. जे चावीवाल्याला पाच-सहा शब्दांत सांगता येत नव्हतं, ते तिच्या चार ओळींनी झालं. भाऊ आणि त्याचा मित्र रोज पहाटे बाटल्या भरून त्यांवर तारीख घालू लागले. आणि फॉर्म भरणं सुरू झालं. ‘आमच्या पोरींची नावं सरकारी कागदावर नकोत’ म्हणणाऱ्या विणकरांकडे चष्मेवाली स्वतः गेली. कुणी दारातून हाकललं, कुणी बसवून घेतलं.

एकशे अठ्ठेचाळीस फॉर्म झाले. त्यातले नव्वद प्रभाग कचेरीच्या खिडकीवरच्या कारकुनाने परत केले. पत्त्याचा पुरावा नाही. घरं बापाच्या, आजोबाच्या, नाहीतर मुकादमाच्या नावावर, पोरांच्या नावावर काय असणार? चावीवाला ते नव्वद फॉर्म छातीशी धरून त्या खिडकीपुढे उभा होता. आत वाकून गयावया करत होता, “साहेब, मी ओळखतो यांना. एकेकाला जन्मापासून ओळखतो. माझी साक्ष घ्या.” मागची रांग त्याला ढकलत होती. कुणीतरी म्हणालं, “ए म्हाताऱ्या, हो बाजूला.”

त्याची लेक गोदामातून घरी चालली होती, तिने रस्त्यावरून हे पाहिलं. ती आत आली. बापाच्या हातातले फॉर्म काढून घेतले आणि कारकुनाला म्हणाली, “पुरावा नसेल तर काय चालतं, ते नियमात दाखवा.”

“वेळ नाही मला.”

“मला आहे. मी नियम वाचेपर्यंत इथेच उभी राहते.” आणि ती राहिली. रांग ओरडली, शिपाई आला, तरी राहिली. शेवटी कारकुनाने पुस्तक आपटलं. शेजारच्या दोन नोंदणीकृत रहिवाशांचा दाखला चालत होता. लेक बापाकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चिडका होता. “तुम्ही वाकू नका हो बाबा असं कुणापुढे. मला नाही बघवत.”

दाखले मिळवत मिळवत सभेच्या दिवसापर्यंत सह्या झाल्या एकशे ब्याऐंशी.

अठरा कमी. सचिवाने कागद मोजला, पुन्हा मोजला आणि बाजूला ठेवला. पोरं उठून उभी राहिली. भाऊ बोलायला लागला आणि त्याचं त्यालाच कळलं नाही, तो आपल्या बोलीत शिरला. अध्यक्ष म्हणाले, “सभेच्या भाषेत बोला.” तेव्हा शाळेपासून ती बोली कानांवर असलेली लेक उभी राहिली आणि म्हणाली, “तो म्हणतो आहे, माझी बहीण सात वर्षांची होती.” माइक बंद झाला. ‘विषयाची नोंद घेतली’ असं लिहिलं गेलं आणि पुढचा विषय दिव्यांच्या खांबांचा आला.

खात्याने मात्र तत्परता दाखवली. तिसऱ्या दिवशी हुकूम निघाला, ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत भट्टीच्या गल्लीचा पाणीपुरवठा खंडित.’ चावीवाल्याला ती चावी स्वतःच्या हाताने बंद करावी लागली. वर त्याची बदली खात्याच्या दूरच्या गोदामात झाली. भट्टीच्या गल्लीतली म्हातारी माणसं त्याच्या तोंडावर थुंकायचीच बाकी होती. घाण का होईना, पाणी तरी येत होतं! आता बाया भर उन्हात चढ चढून वरच्या गल्लीत यायच्या आणि दारं बंद व्हायची.

तो तेव्हा खरोखर खचला. बायकोला म्हणाला, “मी यांना स्वप्नं दाखवायला नको होती. होतं तेही गेलं.” रजा टाकून तो दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

पोरांनी काय केलं, ते त्याला लेकीकडून कळायचं. वरच्या गल्लीतल्या त्या दोघांनी आपल्या घरचा नळ उघडा ठेवला. एकाला बापाने त्यावरून घराबाहेर काढलं, तो चष्मेवालीच्या काकाच्या माग-घरात झोपू लागला. महिनाभर पोरं हातगाडीवरून पिंपं ओढत राहिली. ज्यांना सभेत काडीचाही रस नव्हता, असली पोरं ते पाहून फॉर्म मागायला आली. दुसऱ्या सभेला दोनशे एकसष्ट सह्या होत्या, आणि भिंतीशी ओळीने मांडलेल्या, तारखा घातलेल्या राखाडी बाटल्या होत्या. एका सभासदाने झाकण उघडून पाहिलं आणि लगेच बंद केलं. त्या दिवशी साहेबाला जाब द्यावा लागला आणि ठराव झाला की वळण खणायचं.

खणताना बघायला चावीवाला गेला. तिन्ही गल्ल्यांची गर्दी होती. चिखलातून नळी वर दिसू लागली. सांध्याजवळ बोटभर भेग होती. तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, कुजून लिबलिबीत झालेला, आणि वरून तारेचे वेढे. खणणाऱ्याने तार कापायला पक्कड घातली.

“थांब,” चावीवाला म्हणाला.

तारेचा पीळ उलटा होता. डावखुऱ्या माणसाने घातलेला. खात्यात डावखुरा तो एकटाच.

हळूहळू सगळं आठवलं. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भांडारात सांध्याला लावायचा जोड नव्हता म्हणून त्याने वाटेत पंक्चरच्या दुकानातून ट्यूब मागून आणली होती आणि काम भागवलं होतं. तेव्हाच्या साहेबाला जाता जाता सांगितलं होतं, “तात्पुरतं केलंय, जोड आला की बदलू.” साहेब “हो हो” म्हणाला होता. मग साहेब बदलला. मग खड्डा बुजला, वर डांबर आलं, आणि त्याच्या डोक्यातून ते पार गेलं.

कुणालाच काही कळलं नव्हतं. तार कापली गेली, ट्यूबचा गोळा कचऱ्यात पडला. तो गप्प राहिला असता तर ते कायमचं मातीआड गेलं असतं. तो दोन दिवस गप्प राहिलाही. तिसऱ्या दिवशी टाकीखाली पोरं जमली होती, खुशीत होती, पुढे कोणता विषय घ्यायचा यावर वाद घालत होती. तिथे जाऊन त्याने सांगून टाकलं.

 मग वरच्या गल्लीतला पोरगा म्हणाला, “काका, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? तुम्ही आवाज उठवला म्हणून तर—”

“गप बस,” भाऊ म्हणाला. तो चावीवाल्याकडे पाहत नव्हता. “हे सभेत यायला पाहिजे. साहेबाला आपण विचारलं ना? मग यांनाही विचारायचं.”

सगळ्यांच्या नजरा लेकीकडे गेल्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “विचारायचं,” ती म्हणाली. “मी विचारते. दुसऱ्या कुणी विचारलं तर मला बसवणार नाही.”

त्या रात्री घरी बायकोने लेकीला खूप बोलून घेतलं. “बापाला उभं करणार तू? चारचौघांत?” लेक रडत होती, पण मागे हटली नाही. चावीवाला एवढंच म्हणाला, “तिला ओरडू नकोस.”

सभेत भट्टीच्या गल्लीतून त्या मुलीची आई पहिल्यांदाच आली होती. लेकीने कागदावरून प्रश्न वाचले.  दुरुस्ती कुणी केली? मी. कशाने? सायकलच्या ट्यूबने. वरिष्ठांना कळवलं? कळवलं. लेखी? नाही, तोंडी. नंतर पाठपुरावा केला? नाही.

सचिवाची लेखणी भराभर धावत होती. साहेबाच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. ‘सदर दुर्घटना कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे’ एवढं सचिवाने मोठ्याने वाचलं, तेव्हा भाऊ उठला.

“एवढ्यावर थांबू नका. पुढे लिहा. बावीस वर्षांत खात्यातल्या कुणीही ते वळण उघडून पाहिलं नाही. यांनी तीन वेळा सांगितलं, त्यातले दोन अर्ज लेखी आहेत, त्यांवर काही झालं नाही. तेही लिहा. सगळं लिहा.” आणि ते लिहून होईपर्यंत तो खाली बसला नाही.

मग आई उभी राहिली. ती तिच्या बोलीत बोलली, थोडकंच. चावीवाल्याला त्यातला एकही शब्द ओळखीचा नव्हता. भावाने क्षणभर मान खाली घातली आणि मग सांगितलं, “ती विचारते आहे, असं विसरता येतं का?”

चावीवाल्याने तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही.  सचिवाने लेखणी वर धरून विचारलं, “काय लिहू?”

लेकीने बापाकडे पाहिलं. मग सचिवाकडे वळून म्हणाली, “लिहा, उत्तर आलं नाही.”

पंधरा दिवसांनी त्याला नोकरीतून काढलं. साहेबाची बदली झाली, तीही म्हणे चांगल्या ठिकाणी. नळी नवी पडली, भट्टीच्या गल्लीत पाणी सुरू झालं, आजारी होते ते बरे झाले. लेक अजून गोदामात जाते. जायचं होतं तिथे ती गेली नाही, आणि आता तो विषय काढत नाही. टाकीखाली येणाऱ्यांतली काही गळाली. वरच्या गल्लीतल्या त्या पोराला घरी घेतलं, पण या अटीवर की पुन्हा त्या पोरांत दिसायचं नाही. बाकीची दर महिन्याला सभेला जातात. बहुतेक वेळा हात हलवत परत येतात.

चावीवाला घरीच असतो. भाऊ कधी समोरून आला तर दोघंही थबकतात. एकदा वाटलं, तो काहीतरी बोलेल. तो बोलला नाही, बाजूने निघून गेला. चावीवाला बराच वेळ रस्त्यात तसाच उभा होता, शेवटी शेजारच्या दुकानदाराने विचारलं, “काका, काही पाहिजे का?”

“नाही,” तो म्हणाला आणि घराकडे वळला.